हाफकिनसाहेब आणि उंधेऱ्याची अर्धी घरे

गेल्या गणेशोत्सवात आमच्या हिंगणीत एका तरुण प्राध्यापकांचे व्याख्यान झाले. विषय होता ‘मानवजातीचे उपकारकर्ते’, आणि त्या मालिकेत त्यांनी निवडलेला पुरुष होता वाल्डेमार हाफकिन. व्याख्यान छान झाले. ओडेसात 1860 साली जन्मलेला एक ज्यू तरुण, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करतो, पटकीवर लस काढतो आणि 1892 साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतो. पुढे हिंदुस्थानात येतो. 1896 साली मुंबईत प्लेग फुटल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत काम करून दोन-तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध करतो, आणि 10 जानेवारी 1897 रोजी पुन्हा पहिली सुई स्वतःच्याच अंगात घेतो. हे सारे खरे आहे, आणि ऐकताना अंगावर काटा उभा राहावा असेच आहे. शेवटी प्राध्यापकांनी भायखळ्याच्या तुरुंगातले आकडे सांगितले. तुरुंगात प्लेग शिरला होता. निम्म्याच्या आसपास कैद्यांना लस टोचली. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि मेले कोणीच नाही. टाळ्या पडल्या.

टाळ्या ओसरल्यावर बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “पण गुरुजी, ज्याइले टोचलं नाही, त्याइले कावून नाही टोचलं जी?”

प्राध्यापक हसले. “आजी, तुलना करायची तर काहींना तसंच ठेवावं लागतं. त्यालाच तर शास्त्र म्हणतात.” मंडपात हशा झाला. म्हातारी खाली बसली. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. घरी येईपर्यंत मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटू लागली होती. कारण त्या मंडपात शास्त्रीय प्रश्न विचारणारी ती एकटीच होती.

फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचण्याचा हा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण दिवाळी अंकांत आपण थोर पुरुषांच्या आरत्या कित्येक वर्षे ओवाळीत आलो आहोत. एखाद्या वर्षी निरांजन जरा जवळ नेऊन मूर्तीचा चेहरा पाहिला तर देव कोपणार नाही.

आमच्या भागात प्लेगला गाठीचा ताप म्हणत. माझ्या आजीने तिच्या सासूकडून ऐकलेल्या हकिकती ती आम्हाला सांगे. घरात उंदीर पडला की लोक गाव मोकळे करून वावरात झोपड्या टाकीत. सकाळी मयत पोचवून आलेल्याला संध्याकाळी दुसऱ्यांनी पोचवावे लागे. त्या पिढीला लसीचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळत होते. प्लेगने या देशात पुढच्या काही दशकांत कोटीहून जास्त माणसे नेली. तेव्हा लस हे ढोंग होते किंवा हाफकिन लबाड होते, असे काही मला म्हणायचे नाही. लस खरी होती. माझे भांडण तिच्या पुराव्याशी आहे, आणि तो पुरावा कोणाच्या अंगावर लिहिला गेला याच्याशी आहे.

भायखळ्याला हाफकिन यांनी निदान एक गोष्ट केली होती. कैद्यांना समजावून सांगून, जे आपखुशीने पुढे आले त्यांनाच टोचले. तुरुंगातली आपखुशी ती काय, असे कोणी विचारील, आणि ते रास्त होईल. तरी विचारण्याचा उपचार तेथे झाला होता. लगेच टीकाकार म्हणाले, पुढे येणारे कैदी मुळातच धीट आणि धडधाकट असणार, ही तुलना खरी नव्हे. मग 1898 च्या जानेवारीत उमरखाडीच्या तुरुंगात काय झाले? कैद्यांना ओळीने बसवले आणि एक सोडून एक अशा हिशेबाने टोचत गेले. तुला हवी का, असे कोणास विचारण्याचा प्रश्नच उरला नाही. बसण्याची जागा हेच नशीब. टोचलेल्यांत तिघांना प्लेग झाला, तिघेही वाचले. न टोचलेल्यांत दहांना झाला, त्यांतले सहा मेले. तेथे कोणी कोणाला मारले नाही, हे खरेच. पण डावीकडच्या माणसाला औषध देऊन उजवीकडच्याला न देता पुढे सरकणारा हात डॉक्टरचा होता.

तुरुंग, पलटणी, आसामातले चहाचे मळे ही हाफकिन यांच्या प्रयोगांची ठरलेली ठिकाणे होती. त्याचे कारण उघड आहे. तेथली माणसे मोजता येतात, त्यांची रोज हजेरी लागते आणि ती उठून कोठे जाऊ शकत नाहीत. शास्त्राला मोजता येणारी माणसे लागतात, हे मला मान्य आहे. पण माणूस मोजायला सोपा असतो तो बहुतेक वेळा त्याला नाही म्हणता येत नाही म्हणून. प्राध्यापकांच्या व्याख्यानात हे वाक्य नव्हते.

आता उंधेऱ्याकडे येतो. हे नाव त्या मंडपात उच्चारले गेले नाही, आणि आपल्या कोणत्या मुलाने ते ऐकले असेल असे मला वाटत नाही. उंधेरा हे बडोद्याजवळचे खेडे. राज्य सयाजीराव गायकवाडांचे, म्हणजे मराठी माणसाने ज्याचा अभिमान सांगावा असे. या हजारभर वस्तीच्या गावात प्लेग घुसला होता आणि माणसे मरत होती. 1898 च्या फेब्रुवारीत हाफकिन यांची मंडळी तेथे लस घेऊन गेली. त्यांनी घरोघरची माणसे एकत्र केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस टोचली. बाया, पुरुष, मुले दोन्हीकडे सारखी पडतील अशा बेताने निम्मी टोचली आणि निम्मी ठेवली. 513 जणांना लस मिळाली, 437 जणांना मिळाली नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा जाऊन मोजदाद केली. 28 घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांत टोचलेली माणसे होती 71. त्यांपैकी आठांना प्लेग झाला व तिघे मेले. न टोचलेली होती 64. त्यांपैकी सत्तावीस जणांना झाला व सव्वीस मेले.

शास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग अतिशय देखणा आहे. एकच घर, एकच अन्न, एकच हवा, एकच उंदीर. फरक फक्त सुईचा. जगात आज औषधांची पारख ज्या रीतीने होते तिच्या पूर्वजांत उंधेऱ्याची गणना करावी लागेल, इतका तो चोख आहे. आणि नेमकी ही चोख बाजूच मला सहन होत नाही. आपण शाळेत त्रैराशिक शिकलो आहोत. 71 मध्ये तीन मेले, तर 64 मध्ये किती? तीन धरा. मेले सव्वीस. म्हणजे अठ्ठावीस घरांतली तेवीस माणसे कोष्टकाच्या दुसऱ्या रकान्यात पडली म्हणून गेली. हे घर आपले आहे असे क्षणभर समजा. दिवाळीला सारी भावंडे जमली आहेत आणि दारात आलेला डॉक्टर म्हणतो आहे, यांतली निम्मी. कोणाला पुढे काढाल?

याला तीन उत्तरे मिळतात, आणि तीनही उत्तरे मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकली आहेत.

पहिले उत्तर असे की तेव्हा लसीचा गुण सिद्धच व्हायचा होता; न जाणो, अपाय झाला असता. हे उत्तर तारखा न पाहता दिलेले आहे. भायखळ्याचे आकडे 1897 च्या फेब्रुवारीत हाती आले होते. त्याच वर्षी दमणमध्ये 2197 लोकांनी टोचून घेतले होते. त्यांपैकी 36 मेले. ज्यांनी टोचून घेतले नव्हते अशा 6033 लोकांपैकी 1482 मेले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. पुण्याजवळ खडकीच्या छावणीत टोचलेले 671 होते, त्यांपैकी 17 गेले; न टोचलेले 859 होते, त्यांपैकी 98 गेले. उंधेऱ्याच्या वेशीत पाऊल टाकले तेव्हा हे सारे हाफकिन यांच्या खिशात होते. त्यांना लसीबद्दल शंका असती तर त्यांनी स्वतःच्या अंगात ती घेतली असती का? शंका सरकारला होती, इंग्रज डॉक्टरांना होती, विलायतेतल्या विद्वान मंडळींना होती. त्यांची शंका फेडण्यासाठी उंधेऱ्याची निम्मी घरे गहाण टाकली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. लस पुरेशी नव्हती, असेही कोणी म्हणू नये. त्याच वर्षी हुबळीत हजारोंनी लोकांना ती टोचली गेली. उंधेऱ्यात लागणार होत्या आणखी 437 मात्रा.

दुसरे उत्तर म्हणजे ‘त्या काळी असेच चाले.’ हे उत्तर मला विशेष चीड आणते, कारण त्यात आपण आपल्या पूर्वजांना मूर्ख ठरवतो. त्या काळी काय चाले? हाफकिन यांनीच भायखळ्याला कैद्यांना विचारले होते. म्हणजे विचारावे लागते, हे त्यांना 1897 साली ठाऊक होते. 1898 साली ते अडचणीचे झाले, इतकेच. प्रशियात नायसर नावाच्या डॉक्टरने न विचारता बायकांच्या अंगात उपदंशाचा रक्तरस टोचला, त्याचा त्याच सुमारास बोभाटा झाला. 1900 च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने हुकूमच काढला की नीट समजावून संमती घेतल्यावाचून माणसांवर प्रयोग करू नयेत. त्या काळी तेही चालत होते. आणि आपल्याकडे? 1897 च्या जूनमध्ये पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली ती प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमाचे निमित्त होऊन. हत्येचे समर्थन मी करीत नाही. पण मला न विचारता माझ्या घरात, माझ्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, ही जाणीव या देशात साहेबाने आणून द्यावी लागली नव्हती.

तिसरे उत्तर खरे वजनदार आहे. त्या पुराव्यामुळे पुढे लाखो लोक टोचून घ्यायला पुढे आले आणि वाचले. तेव्हा तेवीस माणसांचा हिशेब काय धरता? मी धरतो. बोर नदीला पूर आला आहे, नाव रिकामी आहे, आणि नावाडी काठावरच्या निम्म्यांनाच घेतो. का, तर नावेने माणूस तरतो हे सावकाराला पटले म्हणजे तो पुढच्या वर्षी दहा नावा देईल. त्या नावाड्याच्या हिशेबात चूक नसेलही. पण त्याचा पुतळा उभारताना काठावर राहिलेल्यांचा उल्लेख नको काय? आणि सावकाराला ते पटले तरी का?

येथे हाफकिन यांच्या आयुष्याने जो सूड उगवला तो कोणा नाटककारालाही सुचला नसता. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबात मलकोवाल नावाच्या गावी एका बाटलीतली लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. सरकारने ठपका ठेवला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर, आणि त्यांना कामावरून दूर केले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि दोष बाटली उघडण्याच्या जागी होता, असे दाखवणारा पुरावा समोर असूनही त्यांची बाजू ऐकली गेली नाही. ते परके होते, ज्यू होते, आणि डॉक्टरीची पदवी नसलेले होते. या तिन्ही गोष्टींचा त्या अन्यायात वाटा होता असे मला वाटते. 1907 साली रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते दोषमुक्त झाले. पुन्हा हिंदुस्थानात आले ते मुंबईला नव्हे, कलकत्त्याला. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा शेवट झाला.

हा अन्याय सांगताना चरित्रकारांचे डोळे पाणावतात, माझेही पाणावतात. पण एक गोष्ट पाहा. मलकोवालला एकोणीस माणसे चुकीने मेली, तर चौकशी बसली, कागदपत्रे रंगली, साम्राज्याच्या राजधानीत पाच वर्षे वाद पेटत राहिला. उंधेऱ्यात सव्वीस माणसे चूक न होता, ठरल्याप्रमाणे, हिशेबात मेली. त्यांच्यापायी कोणाची एक दिवसाची रजासुद्धा कापली गेली नाही. उलट त्यांचे कोष्टक झाले आणि ते 1899 साली लंडनमध्ये विद्वानांपुढे ठेवले गेले. ज्या सरकारला पटवण्यासाठी हे केले, त्या सरकारने एका बाटलीसरशी शास्त्रज्ञाला वाऱ्यावर सोडले. पुराव्याची किंमत उंधेऱ्याने दिली होती. सरकारला त्या पुराव्याचे किती मोल होते, ते मलकोवालने दाखवले.

1925 साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले. 1964 साली आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. जेन्नरने 1796 साली देवीची लस प्रथम ज्याला टोचली तो आठ वर्षांचा पोरगा जेम्स फिप्स, एका माळ्याचा मुलगा. त्यालाही कोणी फारसे विचारले नव्हते. पण त्याचे नाव तरी जगाला माहीत आहे, आणि जेन्नरने पुढे त्याला राहायला घर दिले. उंधेऱ्याच्या चौसष्टांना घरही नाही आणि नावही नाही. आपल्या मुलांच्या धड्यात हाफकिन यांनी स्वतःला सुई टोचून घेतली हे वाक्य जरूर असू द्या. त्याच्या खाली उंधेऱ्याचे दोन रकानेही छापा. मुले घाबरत नाहीत, मोठी माणसेच घाबरतात.

आता मला भीती आहे ती माझ्या टीकाकारांपेक्षा माझ्या मित्रांची. लसच नको म्हणणारे काही सद्गृहस्थ हा लेख कापून जपून ठेवतील. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींचा. 1936 साली ते सेवाग्रामला राहायला आले. देवीच्या लसीला त्यांचा उघड विरोध होता, आणि तो त्यांनी लिहूनही ठेवला आहे. त्या बाबतीत महात्माजी चुकले असे मी त्यांच्याच जिल्ह्यात बसून म्हणतो. त्याच सेवाग्रामात 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे आणि आमच्या गावची पोरे तेथे बरी होऊन येतात, याचा मला आनंद आहे. जो महात्म्याला चुकला म्हणू शकतो त्याने शास्त्रज्ञाला का सोडावे? आणि शास्त्रज्ञ चुकला म्हणून लस का सोडावी? उंधेऱ्याचा आकडा जर काही सांगत असेल तर लस घ्या हेच सांगतो. न घेतलेल्यांतले सव्वीस गेले; आणि त्यांनी ती नाकारली नव्हती, त्यांना ती दिलीच नव्हती.

हे जुने मढे उकरून काय मिळवायचे, असा एक आक्षेप उरतो. मढे फारसे जुने नाही. 2009 साली गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना टोचून पाहण्याचा एक प्रकल्प दोन जिल्ह्यांत सुरू झाला. एक जिल्हा आंध्रातला खम्मम, आणि दुसरा बडोदा. होय, बडोदाच. लस चांगली आहे. त्या काळात ज्या मुली दगावल्या त्यांचे मरण लसीमुळे झाले असे चौकशीत ठरले नाही. पण संमतीच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे आढळले, 2010 साली प्रकल्प थांबवावा लागला, आणि 2013 साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. वसतिगृहातल्या आदिवासी मुली म्हणजे पुन्हा तेच: मोजायला सोप्या, हजेरी रोजची, आणि नाही म्हणणारे जवळ कोणी नाही. एकशे अकरा वर्षांत सुई बदलली, लस बदलली, राज्य बदलले. ओळीत बसवायची माणसे तीच राहिली. प्रयोगात एका गटाचा लाभ निःसंशय दिसू लागला की दुसऱ्याला रिकामे ठेवायचे नाही, हा नियम आज पुस्तकात आहे. तो पुस्तकात कोणामुळे आला हे जर आपण व्याख्यानात हसून टाळणार असू, तर तो पुस्तकातच राहील.

दसऱ्याच्या आधी मी त्या म्हाताऱ्या बाईंकडे गेलो. कापूस वेचून त्या नुकत्याच वावरातून आल्या होत्या. मी त्यांना उंधेऱ्याची हकिकत सांगितली, आकडेही सांगितले. ऐकून त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, “त्या घरातल्या बायाइले कोणी सांगितलं होतं का जी, का हे औषध हाये म्हून?”

मी म्हटले, “औषध आहे हे सांगितलं असणार. निम्म्यांनाच का, ते सांगितलं असेल असं वाटत नाही.”

त्यांच्या मांडीवर पणतू झोपला होता. “याले टोचाचं हाये येत्या बुधवारी,” त्या म्हणाल्या. “नेऊ का नको, गुरुजी?”

“न्या,” मी म्हटले. “आणि कशाची सुई आहे ते नर्सबाईंना विचारा.”

“इचारतो ना,” त्या म्हणाल्या. “मी त दरवेळी इचारतो. ते बाई चिडते.”